जुन्या स्टील हार्डटेलचं काय करायचं?

स्टीलची जुनी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल, बदलायची की ठेवायची, हे फोटो बघून ठरत नाही आणि वजनकाट्यावरही ठरत नाही. ते ठरतं ओळंबा, टेप आणि मोबाइलमधलं लेव्हल मीटर घेऊन. सायकलच्या तक्रारी दोन जातीच्या असतात. काही सुट्या भागांच्या: ब्रेक धरत नाही, चेन उडते, खडीवर टायर सुटतं, तासाभरात तळवे बधिर होतात. काही फ्रेमच्या मापांच्या: तीव्र उतारावर पुढे फेकल्यासारखं होतं, उभं राहून चालवताना गुडघे हँडलपाशी येतात, चढावर बसल्या जागी पुढचं चाक उचलतं. पहिल्या जातीच्या तक्रारीसाठी नवी फ्रेम घेणं म्हणजे चपलेचा अंगठा तुटला म्हणून पाय बदलणं. दुसऱ्या जातीच्या तक्रारीवर कितीही महाग भाग लावले तरी ती जात नाही. निम्मा घोळ या दोन जाती एकमेकींत मिसळल्यामुळे होतो.

जुनी म्हणजे इथे साधारण २००५ ते २०१४ मधली. २६ इंची किंवा पहिल्या पिढीतली २९ इंची चाकं, मागे १३५ मिमीचं क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा आस), ८० ते १२० मिमी दबणारा फोर्क (पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा चिमटा), ८०-१०० मिमीचा स्टेम (हँडल धरणारा तुकडा), ६२० ते ६८० मिमीचं हँडल, पुढे तीन आणि मागे नऊ गिअर.

आधी मोजा

फोर्क पूर्ण वर, टायरमध्ये नेहमीची हवा, सपाट फरशी. हेडट्यूबच्या (फ्रेमची हँडलखालची आखूड नळी) वरच्या टोकाच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि फरशीवर खूण करा. दुसरा ओळंबा बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस फिरतो ती जागा) मध्यातून. दोन खुणांमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. दोन्ही बिंदूंच्या उंचीतला फरक म्हणजे स्टॅक. मोबाइल फोर्कच्या चकचकीत नळीला मागून टेकवा: जमिनीशी जो कोन येईल तो हेड अँगल. हीच रीत सीट अँगलला, पण सीटट्यूब मध्ये वाकवलेली असेल तर मोबाइल नळीला लावू नका. तुमच्या नेहमीच्या सीटच्या उंचीवर सीटखालच्या दांड्यांचा (रेल्सचा) मध्य आणि बॉटम ब्रॅकेट यांना जोडणारी रेषा मोजा. कंपन्या मापं छापतात ती ठरावीक फोर्क गृहीत धरून. तुमच्याकडे दुसरा फोर्क असेल तर छापील आकडा उपयोगाचा नाही.

जुन्या मध्यम आकाराच्या फ्रेमवर साधारण हे आकडे येतात: रीच ४०० मिमीच्या आसपास, हेड अँगल ७० ते ७१ अंश, सीट अँगल ७२ ते ७३. हल्लीच्या मध्यम फ्रेमवर रीच ४४० ते ४७०, हेड अँगल ६४ ते ६६, सीट अँगल ७४ ते ७६. हा बदल किती झपाट्याने झाला याचा चांगला नमुना कोना (Kona) कंपनीच्या होन्झो या हार्डटेलचा आहे. २०१२ ची पहिली होन्झो स्टीलची, २९ इंची, ६८ अंशांची आणि ४१५ मिमी चेनस्टेची (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) होती, आणि तेव्हा ती धाडसी मानली जायची. २०२१ ची स्टीलचीच होन्झो ईएसडी ६३ अंशांची आणि १५० मिमी फोर्कची आली. नऊ वर्षांत पाच अंश.

हार्डटेलमध्ये हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. फुल सस्पेन्शनवर बसलं की पुढचं-मागचं दोन्ही खाली जातं, कोन जवळपास तसेच राहतात. हार्डटेलवर फक्त पुढचं दबतं. ढोबळ हिशेब असा: पुढचा भाग २० मिमी खाली गेला की हेड अँगल एक अंशाने उभा होतो, रीच सुमारे १० मिमी वाढतो आणि बॉटम ब्रॅकेट ७-८ मिमी खाली येतो. १३० मिमीच्या फोर्कला २० टक्के सॅग (नुसतं बसल्यावर फोर्क जेवढा दबतो तो भाग) दिला तर २६ मिमी जातात, म्हणजे कागदावरचे ६६ अंश बसल्यावर सव्वासदुसष्ट होतात आणि ४५० चा रीच ४६३ होतो. पायरीवरून उतरताना फोर्क तळाला टेकला की तोच कोन साडेबहात्तर. जुन्या ७० अंशांच्या आणि १०० मिमीच्या सायकलवर त्याच क्षणी ७५ अंश होतात, आणि वर ९० मिमीचा स्टेम तुमचं वजन चाकाच्या पुढे नेऊन ठेवतो. उतारावर वाटणारी भीती मनाची नसते, ती या बेरजेची असते.

याच हिशेबाने हार्डटेलवर फार लांब फोर्कला अर्थ उरत नाही. १५० मिमी पूर्ण दबला की साडेसात अंशांचा फरक पडतो आणि सायकल एका वळणातच दोन वेगवेगळ्या सायकलींसारखी वागते. १२० ते १४० एवढंच पुरे. खास उतारच चालवायचे असतील तरच त्यापुढे जावं.

जुन्यावर आधी काय करून बघायचं

नवीन घेण्याआधी थोडाच खर्च करून चार-पाच शनिवार-रविवार चालवून बघण्यासारख्या गोष्टी आहेत. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं टायर. स्टीलची फ्रेम धक्के गिळते हे ऐकायला गोड वाटतं, पण मागचा त्रिकोण हा त्रिकोणच असतो, उभ्या दिशेत तो मिलिमीटरच्या हिशेबात हलतो. टायर सेंटीमीटरच्या हिशेबात दबतं. फ्रेममध्ये मावेल ते रुंद टायर लावा, दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी जागा सोडून. पावसाळ्यातल्या चिकणमातीला ही जागा लागतेच, नाहीतर चेनस्टेचा रंग आतून घासून निघतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. रिम ट्यूबलेस (आत ट्यूबऐवजी भोकं बुजवणारा द्रव, म्हणजे सीलंट) होणारी असेल तर करून टाका. ७० किलोच्या रायडरला २.४ इंची टायरवर पुढे २० ते २२ आणि मागे २४ ते २६ पीएसआय ही सुरुवात ठीक आहे. हार्डटेलचं मागचं चाक जास्त मार खातं, म्हणून मागे नेहमी थोडं जास्त. जुनी १९ मिमी आतल्या रुंदीची रिम असेल तर २.४ टायर त्यावर बल्बसारखं फुगतं आणि कमी हवेत वळणावर गुंडाळतं. तिथे २.२५ वर थांबा आणि हवा दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा. आपल्या उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत वाळतं. डबीवर सहा महिने लिहिलं असलं तरी.

दुसरं, स्टेम आणि हँडल. ९० चा स्टेम काढून ५० चा, आणि ७४० मिमीचं हँडल. सुकाणू लगेच शांत होतं. इथेच फ्रेमची परीक्षाही होते: स्टेम आखूड केल्यावर उभं राहताना गुडघे हँडलला लागू लागले, किंवा बसल्यावर पाठ कोंबल्यासारखी झाली, तर रीच अपुरा आहे हे सिद्ध झालं. याला दुसरा इलाज नाही. सीट मागे सरकवून जागा मिळते असं वाटतं, पण त्याने चढावर पुढचं चाक आणखी हलकं होतं.

तिसरं, फोर्कची सर्व्हिस. खालचे पाय काढून तेल आणि फोम रिंग बदलणं हे साधारण ५० तासांचं काम. आपल्याकडे ते पाच-पाच वर्षं होत नाही आणि मग "फोर्क कडक आहे" म्हणून नवीन सायकल शोधली जाते. नळीच्या पुढच्या बाजूचं कोटिंग उडून पितळी किंवा चांदीसारखा पट्टा दिसू लागला असेल तर मात्र सर्व्हिसने भागणार नाही.

चौथं, ब्रेक. पुढे १६० ऐवजी १८० ची डिस्क, नवे पॅड, नवं तेल. शिमानोच्या डिस्कची जाडी नवी असताना १.८ मिमी असते आणि १.५ ला ती टाकायची असते. व्हर्निअरने मोजा, डोळ्याला हा फरक दिसत नाही. १८० लावण्याआधी फोर्क तेवढी डिस्क घेतो का, हे त्याच्या माहितीपत्रकात बघा.

गिअरचं काम सगळ्यात सोपं आहे आणि लोक उगाच त्यासाठी फ्रेम बदलतात. जुन्या आठ-नऊ-दहा गिअरच्या शिमानो हबवर शिमानो डिओरची ११ गिअरची ११-५१ दातांची कॅसेट (मागच्या दातचक्रांचा संच) थेट बसते. १२ गिअरची १०-५१ बसत नाही, तिला मायक्रो स्प्लाइनचा फ्रीहब (हबचा कॅसेट बसते तो भाग) लागतो. म्हणजे कॅसेट, मागचा डिरेलर (चेन सरकवणारा भाग), शिफ्टर, चेन आणि पुढे ३० किंवा ३२ दातांची जाड-बारीक दातांची चेनरिंग, एवढ्यात पुढचा डिरेलर आणि त्याची केबल कायमची सुटते. चेन ०.५ टक्के ताणली की बदला. ११ आणि १२ गिअरच्या कॅसेट महाग असतात आणि ताणलेली चेन त्या खाते.

जिथे फ्रेम अडते

जुन्या फ्रेमवर नवा फोर्क बसेल का, हे हेडट्यूब ठरवते. जुन्या सरळ हेडट्यूबची आतली रुंदी ३४ मिमी असते आणि तिच्यात फक्त १-१/८ इंचाचा सरळ स्टीअरर (फोर्कची हेडट्यूबमध्ये जाणारी नळी) जातो. बाहेरून कॅलिपर लावल्यावर ३६-३७ मिमी भरली तर ती हीच. आज बाजारातले जवळपास सगळे चांगले फोर्क खाली दीड इंचाचे, निमुळत्या स्टीअररचे असतात. ते इथे कुठल्याही अडॅप्टरने बसत नाहीत. बाहेरून ४६ ते ५० भरली आणि वरपासून खालपर्यंत सारखी असेल तर ती आतून ४४ मिमीची आहे. मग खालची बाहेर राहणारी हेडसेटची (हेडट्यूबमधल्या बेअरिंगची) वाटी घेतली की निमुळता स्टीअरर बसतो. या एका मापावर निम्मा निर्णय होतो. ३४ ची हेडट्यूब आणि झिजलेला फोर्क असेल तर जुन्या सायकलच्या पुढच्या भागात पैसे घालू नका.

४४ ची असली तरी फोर्कची लांबी बघायला हवी. २६ इंची १०० मिमीचा फोर्क ॲक्सलपासून मुकुटापर्यंत (फोर्कचे दोन पाय वर जोडणारा भाग) साधारण ४७० मिमी असतो, २९ इंची १२० मिमीचा साधारण ५३०. तो जुन्या २६ इंचीच्या फ्रेमला लावला तर तीन अंश कोन पडतो, जे उतारावर बरं वाटेल. पण सीट अँगलही तीन अंशांनी मागे जातो, रीच ३० मिमीने आखडतो आणि हेडट्यूबच्या मागे डाउनट्यूबवर असा ताण येतो ज्यासाठी ती नळी निवडलेलीच नव्हती. तडा जातो तो बरोबर तिथेच, गसेटच्या (जोडावरच्या मजबुतीच्या पट्टीच्या) टोकापाशी. ठरवून दिलेल्यापेक्षा २० मिमी लांब, ही माझ्या मते शेवटची हद्द.

ड्रॉपर पोस्टही (चालवताना हँडलवरच्या खटक्याने सीट खाली-वर करणारी) अशीच अडते. जुन्या स्टील फ्रेमची सीटट्यूब बहुधा २७.२ मिमीची. त्या जाडीचे ड्रॉपर मिळतात, पण कमी प्रकारांत आणि कमी प्रवासाचे, आणि केबल बाहेरून न्यावी लागते. फ्रेममध्ये केबलसाठी भोक नाही म्हणून ड्रिल मारू नका. सीटट्यूबची भिंत काही ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. त्यात जुनी सीटट्यूब उंच असते, त्यामुळे कॉलरपासून रेल्सपर्यंत जेवढं अंतर उरतं त्यातून ड्रॉपरच्या वरच्या भागाचे ४०-५० मिमी वजा केल्यावर हाती जे येईल तेवढाच प्रवास. १२० मिळाला तरी घ्या. उतारावर ड्रॉपरने जेवढा फरक पडतो तेवढा हेड अँगलच्या दोन अंशांनी पडत नाही.

चाकांबद्दल थोडं उलटं चित्र आहे. २६ इंची टायर आपल्याकडे तालुक्याच्या दुकानातही मिळतं, पण ते साध्या सायकलींचं, कडक रबराचं. चांगल्या रबराची, ट्यूबलेस २६ ची निवड दरवर्षी आटते आहे. जुन्या काही २६ च्या फ्रेममध्ये २७.५ चं २.१ टायर मावतं. रिमचा व्यास २५ मिमीने मोठा असल्याने सायकल साधारण १२ मिमी उंच होते. डिस्क ब्रेक हवेत, व्ही-ब्रेकचे पॅड रिमपर्यंत पोहोचणार नाहीत. एवढं करून मिळतं काय, तर टायरची निवड. बाकी काही बदलत नाही.

फ्रेम जिवंत आहे का

हे सगळं करण्याआधी फ्रेमला भविष्य आहे का ते बघा. क्रँक, बॉटम ब्रॅकेट आणि सीटपोस्ट काढा. बॉटम ब्रॅकेटची उजवी वाटी उलट्या आट्याची असते, ती घड्याळाच्या दिशेने सुटते; उलट जोर लावणाऱ्यांनी बऱ्याच फ्रेमचे आटे घालवले आहेत. आत टॉर्च मारा. तपकिरी भुकटी हा वरवरचा गंज, त्याची काळजी नाही. पापुद्रे सुटत असतील आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडल्यावर खड्डा पडत असेल तर ती नळी पातळ झाली आहे. मग बाहेरून या जागा बघा: हेडट्यूबच्या मागे डाउनट्यूबचा खालचा भाग, सीट क्लॅम्पच्या खाचेचं टोक, डिस्क ब्रेकच्या माउंटभोवती डावीकडच्या नळ्या, ड्रॉपआउटचे (मागच्या चाकाचा आस बसतो त्या खाचांचे) जोड. रंगातून केसासारखी गंजाची रेघ दिसत असेल तर ती चीर समजा. कापसाचा बोळा जोडावरून फिरवा. चिरेवर धागा अडकतो.

सरळपणा तपासायला दोरा पुरतो. डाव्या ड्रॉपआउटपासून हेडट्यूबला वळसा घालून उजव्या ड्रॉपआउटपर्यंत दोरा ताणा आणि सीटट्यूबपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. एक-दोन मिमीचा फरक चालतो. चार-पाच असेल तर सायकल हात सोडल्यावर एका बाजूला का ओढते याचं उत्तर मिळालं.

"स्टील आहे, कुठेही वेल्ड होतं" हे अर्धसत्य आहे. चांगल्या फ्रेमच्या नळ्या टोकाला ०.८ आणि मध्ये ०.५ मिमीच्या असतात. ग्रिल-गेट करणाऱ्याच्या वेल्डिंगने त्या जळतात किंवा जोडाशेजारी ठिसूळ होतात. ड्रॉपआउट किंवा ब्रेकचा माउंट यांसारखी जाड जागा टिग वेल्डिंग करणारा नीट करू शकतो. डाउनट्यूबच्या मध्यावरची चीर मात्र नळी बदलूनच जाते, आणि तेवढ्या खर्चात दुसरी फ्रेम येते.

नव्या स्टीलमध्ये जुनं स्टील सापडत नाही

हे कमी लोक सांगतात. जुनी हलकी स्टील हार्डटेल, उदाहरणार्थ रेनॉल्ड्स ८५३ या स्टीलच्या नळ्यांची कोटिक कंपनीची २६ इंची सोल, तिच्या बारीक नळ्यांमुळे पेडल मारताना किंचित लवायची आणि लोक तिच्यावर प्रेम करायचे. तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. फोर्क लांब झाले आणि चाचण्या कडक झाल्या: युरोपात २००५ ला ईएन १४७६६ आणि पुढे २०१४ ला आयएसओ ४२१०. लांब फोर्कचा ताण सोसून त्या चाचण्या पार करायच्या तर नळ्या जाड आणि रुंद लागतात. ड्रॉपरसाठी सीटट्यूब ३०.९ किंवा ३१.६ ची झाली, आणि २७.२ चा साधा पोस्ट जेवढा लवतो तेवढा जाड ड्रॉपर लवत नाही. त्यामुळे आजची स्टील फ्रेम अडीच ते तीन किलोची, पूर्ण सायकल १४ च्या आसपास, आणि बसल्या जागी ती जुनीपेक्षा कडक वाटू शकते. तो कडकपणा २.४-२.६ च्या टायरने भरून निघतो. स्टील ४१३० की ८५३ यावर रात्री जागवण्यापेक्षा मागे किती रुंद टायर मावतं हे विचारा.

नव्या मापांचा तोटाही आहे. सीट अँगल उभा म्हणजे सपाट रस्त्यावर हातांवर वजन. पुण्यातला रायडर वेताळ टेकडीपर्यंत पाच किलोमीटर जात असेल तर प्रश्न नाही. घाटाच्या पायथ्यापर्यंत तीस किलोमीटर डांबर तुडवून जाणाऱ्याला तो ७६ अंशांचा सीट अँगल मनगटात जाणवेल. व्हीलबेस (दोन चाकांच्या आसांमधलं अंतर) ११०० मिमीवरून १२०० वर गेला की सह्याद्रीतल्या आखूड, उलट्या वळणांच्या पाऊलवाटेवर मागचं चाक उचलून टाकायला शिकावं लागतं. बॉटम ब्रॅकेट खाली असल्याने बेसॉल्टच्या पायऱ्यांवर पेडल आपटतं, म्हणून १७५ ची क्रँक टाळून १७० किंवा १६५ घ्या. ज्यांचं बरंचसं चालवणं कच्चे रस्ते, घाटाचं डांबर आणि सामान बांधून दोन-तीन दिवसांची फेरी असं आहे, त्यांना ६४ अंशांची फ्रेम घेऊन काहीच मिळणार नाही. त्यांच्यासाठी ६७-६८ अंश आणि भरपूर बोल्टच्या जागा असलेली फ्रेम बरी, किंवा जुनीच बरी.

फक्त फ्रेम की पूर्ण सायकल

फक्त फ्रेम घेऊन जुने भाग लावू, हा बेत कागदावर स्वस्त दिसतो. प्रत्यक्षात काय काय उचलून नेता येतं ते बघू. सीट, पेडल, ग्रिप: हो. ब्रेक: हो, पण मागचा पाइप लांब फ्रेम आणि रुंद हँडलमुळे कमी पडतो, आणि माउंटचा अडॅप्टर बदलतो. क्रँक: ७३ मिमीच्या बीएसए आट्याच्या बॉटम ब्रॅकेटची असेल तर बसते, पण बूस्ट फ्रेममध्ये (मागचं हब १४८ मिमी रुंद) चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगचं अंतर, ५२ मिमी लागते. थेट बसणाऱ्या स्रॅमच्या चेनरिंगमध्ये त्यासाठी ६ ऐवजी ३ मिमी ऑफसेटची चेनरिंग घ्यावी लागते, नाहीतर कॅसेटच्या लहान चकत्यांवर चेन खरखरते. सीटपोस्ट: शिम (जाडी भरून काढणारी बाही) लावून. फोर्क: नाही. हेडसेट: नाही. पुढचा डिरेलर: जागाच नाही. चाकं: इथे थोडं थांबू.

१३५ चं क्विक रिलीज आणि १४२ चं थ्रू ॲक्सल (फ्रेममधून आरपार जाणारा आस) यांची हबची खरी रुंदी एकच. वाढीव ३.५-३.५ मिमी ड्रॉपआउटच्या खाचेत बसतात. म्हणून बऱ्याच हबचं फक्त टोपण बदलून १३५ चं १४२ होतं. बूस्टचं १४८ वेगळं: तिथे डिस्क आणि कॅसेट दोन्ही ३ मिमी बाहेर जातात. दोन्हीकडे ३ मिमीचे स्पेसर आणि डिस्कखाली एक स्पेसर देणारे किट मिळतात, पण चाक २६ चं असेल तर त्याचा उपयोग नाही. चाकं २९ ची असतील तरच हा खटाटोप करा. सर्लीच्या हल्लीच्या कराटे मंकीमध्ये मागचं अंतर मुद्दाम १४५ ठेवलेलं आहे, त्यात १३५, १४२ आणि १४८ तिन्ही चालतात, कारण स्टीलचा मागचा त्रिकोण दोन्हीकडे दीड-दीड मिमी सहज उघडतो किंवा मिटतो. जुनी चाकं जपायची असतील तर अशी फ्रेम बघण्यासारखी आहे.

हिशेब करा: फोर्क, चाकं, हेडसेट आणि ड्रॉपर नवीन घ्यायचे असतील तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. सायकल कंपनीला हे भाग घाऊक दरात मिळतात, तुम्हाला सुटे मिळतात. तीनपेक्षा जास्त मोठे भाग विकत घ्यावे लागत असतील तर पूर्ण सायकलच घ्या.

बाहेरून मागवताना कस्टम ड्युटी फ्रेमच्या किमतीवर नव्हे तर किंमत, विमा आणि वाहतूक यांच्या बेरजेवर लागते, आणि त्यावर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, हा दिलासा. पण वाहतूक हलक्यात घेऊ नका: बहुतेक कुरिअर खोक्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन ५००० ने भागतात. ११० गुणिले २५ गुणिले ६५ चं फ्रेमचं खोकं प्रत्यक्षात पाच किलोचं असलं तरी जवळपास ३६ किलोचं धरलं जातं.

नवीन निवडताना विचारायचे प्रश्न थोडे आहेत. हेडट्यूब ४४ ची किंवा निमुळती आहे का; बॉटम ब्रॅकेट आट्यांचा आहे का (दाबून बसवलेला असेल तर सोडा); यूडीएच हँगर (मागचा डिरेलर लावायचा समान मापाचा सुटा तुकडा) बसतो का, कारण तो २०१९ पासून अनेक कंपन्यांत समान झाला असल्याने मोडल्यावर मिळतो, आणि स्रॅमच्या २०२३ पासूनच्या ट्रान्समिशन गिअरना तो लागतोच; केबल बाहेरून जाते का; आतून ईडी कोटिंग (विजेच्या साहाय्याने चढवलेला गंजरोधक थर) आहे का; चेनस्टेला पाणी निघायची भोकं आहेत का. हेडसेटच्या बेअरिंगमधून केबल जाणारी फ्रेम आपल्या पावसाळ्यात नकोच. बेअरिंग बदलताना दरवेळी ब्रेकचा पाइप सोडावा लागतो.

ईडी कोटिंग नसेल तर भाग चढवण्याआधी आतून तेल घाला. रंगाच्या दुकानात लाकडासाठी मिळणारं डबल बॉइल्ड जवसाचं तेल चालतं. साधारण ५०-६० मिली प्रत्येक नळीत भोकांतून आणि सीटट्यूबमधून सोडा, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, बॉटम ब्रॅकेट खाली ठेवून दिवसभर निथळू द्या, आट्यांवरचं लगेच पुसा. वाळायला आठवडा लागतो. पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना गरम होतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं, ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. सीटपोस्टला ग्रीस लावा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तो पूर्ण बाहेर काढा. स्टीलच्या नळीत ॲल्युमिनियमचा पोस्ट ओलाव्यात असा धरतो की शेवटी तो कापून काढावा लागतो.

जुनी फ्रेम चांगली निघाली असेल तर ती पूर्ण सायकल म्हणून विकायची घाई करू नका. झिजलेला फोर्क काढून ४४०-४५० मिमी लांबीचा स्टीलचा रिजिड फोर्क, पुढे एकच चेनरिंग आणि मागे जुने नऊ गिअर लावले की सायकल दीड-एक किलोने हलकी होते. फोर्क २०-३० मिमीने आखूड झाल्यामुळे कोन पुन्हा उभे होतात, पण डांबर आणि गाडीवाटेवर ते त्रासाचे नसतात. फक्त पेडल जमिनीपासून किती उंच राहतं ते मोजा, आणि टायरमध्ये हवा पाच पीएसआयने कमी करूनच पहिली फेरी मारा.